लिहिलंय तेवढंच

सुलोचनाबाई आरवाड्यांना आयुष्यात एजंट लागला नव्हता. गॅसचं कनेक्शन असो, पासपोर्ट असो, नवरा गेल्यावर पेन्शनची फाइल असो. स्वतः रांगेत उभं राहायचं, स्वतः भांडायचं आणि काम करूनच घरी यायचं. मिरजेहून चंदीगडला येऊन एकतीस वर्षं झाली होती. त्यातली सव्वीस शाळेत गणित शिकवण्यात गेली, पण तोंडाची धार काही बोथट झाली नाही. सेक्टरातले भाजीवाले त्यांना लांबून बघितलं की आपणहून भाव उतरवायचे. उगाच सकाळी सकाळी कोण डोकं फोडून घेणार!

निवृत्त झाल्यावर बाईंनी भडंगाचा धंदा काढायचा ठरवला. घरच्या कढईतलं भडंग मोहालीतल्या मराठी पोरापोरींनी तीन वर्षं किलोकिलोनं नेलं होतं, आणि आता स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. इंडस्ट्रियल एरिया फेज टूमध्ये एक गाळा मिळाला. मालक बराडसाहेब सज्जन, पण रोखठोक. "बहनजी, महीने के आख़िर तक लाइसेंस दिखा दो," ते म्हणाले, "नहीं तो टायरवाला एडवांस लेके बैठा है." लायसन नाही तर गाळा नाही. आणि त्या भाड्यात दुसरा गाळा शोधायचा तर बाईंना पुढच्या जन्मीच धंदा काढावा लागला असता.

लायसनची मात्र त्यांना फिकीर नव्हती. घरात मायलेक दोघंच, आणि लेक हेरंब मोहालीतल्या ज्या कंपनीत होता, तिच्याकडेच परवान्याच्या ऑफिसच्या वेबसाइटचं काम होतं. नवा धंदा काढणाऱ्याला कुठला कर, कुठली फी, किती आणि कुठे भरायची, हे सगळं एका पानावर हेरंबनेच मांडलं होतं. "आई, तू बस ये पेज देख. एजंट-बिजंट कुछ नहीं," असं त्याने छाती काढून सांगितलं होतं. चंदीगडात वाढलेलं पोर, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत. बाईंनी ते पान छापून घेतलं, बावीसशेच्या आकड्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि ऑफिसच्या खिडकीवर जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीतल्या बाबूने फाइल चाळली. "भडंग? ये क्या चीज़ है जी?"

"मुरमुरे. लहसुन, मूँगफली, मसाला."

"मतलब भट्टी लगेगी. भट्टी लगेगी तो साइट देखने आएँगे. उसका साढ़े चार हज़ार अलग."

"रसीद?"

"उसकी रसीद नहीं होती, मैडम."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पान त्यांनी काचेवर असं आपटलं, की मागच्या माणसाने मोबाइलमधून मान वर काढली. "ये आपकी वेबसाइट है. इसमें साढ़े चार हज़ार किधर लिखा है? उँगली रखके दिखाओ."

बाबूने पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वेबसाइट की बात वेबसाइट से करो जी."

"जो लिखा है वो दूँगी. जो नहीं लिखा, उसका एक पैसा नहीं."

"तो फ़ाइल भी यहीं पड़ी रहेगी," बाबू म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हात केला.

फाइल खरंच पडून राहिली. बाई रोज जायच्या, रोज भांडायच्या आणि रोज हात हलवत परत यायच्या. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली बसणारा एक दलाल आडवा आला. "आंटीजी, तीन में करवा दूँगा. कल लाइसेंस आपके हाथ में." बाईंनी त्याचा असा उद्धार केला, की चहावाल्याने स्टोव्ह बारीक करून ऐकून घेतलं. तीन हजारांचा प्रश्नच नव्हता. तेवढे त्यांनी देवळाच्या पेटीत न मोजता टाकले असते. पण जे कुठे लिहिलेलंच नाही, ते कुणीतरी मागतो म्हणून द्यायचं? सव्वीस वर्षं पोरांना उत्तराआधी रीत लिहायला लावणारी बाई ती. तिच्या घशाखाली हे उतरणार नव्हतं.

आठव्या दिवशी बराडसाहेबांचा फोन आला, आणि त्याच दुपारी बाईंनी इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली. तारीख, वेळ, बाबूचा शब्दन् शब्द, सोबत वेबसाइटचं छापील पान. पाठवायची थेट वरच्या साहेबाला.

हेरंबने ती वाचली आणि त्याचा चेहरा पडला. "आई, मत भेज यार. मेरी कंपनी का मामला है."

"तुझं पान खरं आहे की खोटं?"

"खरं आहे."

"मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

तक्रार गेली. बारा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे, एवढं पहिलं वाक्य वाचूनच बाईंनी मिरजेला बहिणीला फोन लावला. "जिरवली एकेकाची!" बहीणही तिकडून हसली. फोन ठेवून बाईंनी पुढचं वाचलं. संकेतस्थळावरील शुल्कांची माहिती अपुरी असल्याचे आढळले. ती आता पूर्ण करण्यात आली आहे.

बाईंनी वेबसाइट उघडली. बावीसशेच्या खाली एक नवी ओळ आली होती. भट्टी असलेल्या खाद्यउद्योगांसाठी स्थळपाहणी शुल्क, सहा हजार रुपये, दरवर्षी.

त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. बाबूने मागितले होते साडेचार, आणि तेही एकदाच. दलाल तर मेला तीनवर आला होता. आता सहा, वर्षाच्या वर्षाला, आणि घासाघीस करायची तरी कुणाशी? फक्त त्यांनाच नाही. चंदीगडात जो कोणी चूल पेटवून चार पैसे मिळवू बघेल, त्या प्रत्येकाला. समोसेवाला, केकवाली, पापडवाली, सगळ्यांना.

संध्याकाळी हेरंब आला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"ती ओळ कुणी टाकली?"

त्याने हेल्मेट काढलं, पण हातातच ठेवलं. "मी."

"कधी?"

"परवा. ऑर्डर आली होती, आई. कुठल्यातरी फाइलीतून जुना ठराव निघाला. कोई लगाता ही नहीं था उसको."

"परवा! म्हणजे दोन दिवस माझ्या हातचं जेवलास आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?"

"क्या बोलता? तू सुनती किसकी है?"

"काढ ती ओळ."

"मेरे हाथ में नहीं है. मैं सिर्फ़ टाइप करता हूँ."

"मग टाइप करताना तुझे हात का नाही झडले?"

हेरंबचा आवाज चढला. चिडला की त्याचं मराठी पार गळून पडायचं. "तूने ही तो बोला था ना, जो लिखा है वो दूँगी! लिख दिया उन्होंने! चुपचाप तीन हज़ार दे देती तो सिर्फ़ तेरे जाते. अब सबके जाएँगे. हर साल. तेरी वजह से!"

बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण पोरगं बोललं ते खरं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि यांनी तर अख्ख्या गावाचा हात दाखवला होता. हेरंब खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

एकोणतीस तारखेला बाई पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. गाळा हवा होता, आणि हातात दोनच दिवस होते. मागे एक पंजाबी मुलगी उभी होती, बेकरी काढणारी. तिच्याही हातात वेबसाइटचं छापील पान होतं, नवं. "कितना अच्छा है ना, आंटी," ती म्हणाली, "सब साफ़-साफ़ लिखा है. पहले तो सुना है बहुत खाते थे."

बाईंनी आपली फाइल खिडकीतून आत सरकवली.

बाबूने ओळख दाखवली नाही, की कुत्सित हसलाही नाही. त्याने आठ हजार दोनशे घेतले, मोजले आणि दोन्ही रकमांची पावती शिक्का मारून दिली. मग फाइल हाताखाली ओढून मान खाली घालूनच म्हणाला, "साइट देखने वालों की गाड़ी का पाँच सौ. कल भेज देता हूँ, नहीं तो अगले महीने."

मागच्या मुलीने ते ऐकलं आणि ती तिथेच भडकली. "गाड़ी का? भैया, गाड़ी का कहाँ लिखा है?" तिने पर्समधून मोबाइल काढला. "आंटी, आप रुको, मत देना. मैं वीडियो बनाती हूँ. अभी के अभी ऊपर कम्प्लेंट डालते हैं."

बाबूने पहिल्यांदाच मान वर केली. घाबरून नव्हे, तो वाट बघत होता.

सुलोचनाबाईंनी झटकन मुलीचं मनगट धरलं आणि मोबाइल खाली दाबला.

"मत कर, बेटा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लिख देंगे."

मुलीला काही कळलं नाही. बाईंनी पाचशेची नोट काढली आणि काचेखालून आत सरकवली.