एक संस्था, एक हेतू

आमच्या कार्यालयात जगातलं सगळं चांगुलपण सात टेबलांवर मांडलेलं आहे. शिक्षण, आरोग्य, प्राणी, कला, धर्म, पर्यावरण आणि उरलंसुरलं. या शेवटच्या टेबलावर अजून माणूसच नेमलेला नाही. लोकांचं भलं करायची हौस असेल त्यानं आधी यातलं एक टेबल गाठायचं, मग खुशाल भलं करायचं. टेबलांवरच्या माणसांची नावं आम्ही केव्हाच विसरलो. आरोग्यवाले, प्राणीवाल्या बाई, अशाच हाका मारतो. शिक्षणवाल्यांचं अक्षर कुणालाच लागत नाही, आणि आरोग्यवाल्यांना बारा महिने सर्दी. मी दारापाशी बसते आणि आलेल्या संस्थेला टेबल दाखवते. साहेबांच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लावलाय : एक संस्था, एक हेतू.

या नियमावर माझी सख्खी मावशीच येऊन आदळली.

मावशी आणि तिच्या मैत्रिणींचं काम साधं आहे. एकटं राहणारं माणूस दवाखान्यात दाखल झालं की त्याचं कुत्रं सांभाळायचं, माणूस बरं होऊन आलं की परत द्यायचं. त्यासाठी त्यांना सरकारी गोदामातली एक खोली फुकट मिळाली होती. आता हुकूम निघाला, की ज्या संस्थेला वर्ग, म्हणजे आमच्यातलं एक टेबल, नाही तिला खोली नाही.

मावशीबरोबर घड्याळं दुरुस्त करणारे काका आले होते, आणि त्यांचं म्हातारं कुत्रं. भलत्या वेळी भुंकतं म्हणून त्याचं नाव गजर. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पण त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, "याची सोय लागल्याशिवाय मी खाटेवर आडवा होणार नाही."

आधी आरोग्य.

"तुम्ही रुग्णाला काय देता?" आरोग्यवाल्यांनी नाक पुसत विचारलं. "औषध? इंजेक्शन?"

"त्याच्या जिवाला घोर लागू देत नाही," मावशी म्हणाली.

"घोर आमच्याकडे येत नाही. कुत्रं दिसतंय ना? प्राण्यांकडे जा."

प्राणीवाल्या बाईंनी चष्मा वर केला. "लाभ कुणाला? कुत्र्याला की माणसाला?"

"दोघांनाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. एकाच कामात दोघांचं भलं होणं आमच्याकडे जरा संशयाचंच मानतात. "आम्ही फक्त निराधार प्राणी घेतो," त्या म्हणाल्या. "मालक आहे की नाही, ते साहेब स्वतः विचारतात. प्राण्याला समोर ठेवून."

मी मावशीला बाजूला घेतलं. "निराधार म्हणून मोकळी हो ना गं! कशाला खऱ्याच्या मागे लागतेस?"

मावशी व्यवहारी बाई. तिनं मान डोलावली आणि काकांच्या कानात सगळं नीट समजावलं.

साहेबांनी गजरकडे पाहिलं, मग काकांकडे. "या कुत्र्याला मालक आहे का?"

काकांनी फक्त नाही म्हणायचं होतं. मी मागून डोळे वटारत होते. काकांनी गजरकडे पाहिलं. गजर त्यांच्याकडेच बघत होता.

"साहेब, त्याच्यादेखत नका विचारू."

"का?"

"मला नाही म्हणायला सांगितलंय. पण त्याच्यासमोर मला ते म्हणवत नाही."

"म्हणजे मालक आहे," साहेब समाधानानं म्हणाले. "प्रकरण पुढच्या बैठकीत."

बाहेर आल्यावर मावशी कडाडली, "अहो, एक शब्द! एवढा एक शब्द तोंडातून काढवला नाही तुम्हाला?"

"रागवा हो," काका ओशाळून म्हणाले. "पण पुढच्या बैठकीत होईलच की. साहेब बोललेत ना!"

आमच्या साहेबांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

खोलीला कुलूप लागलं. तिथली चार कुत्री मावशीनं आपल्या दोन खोल्यांत कोंबली. गजरलाही ये म्हणाली, पण ती चौघं त्याच्यावर अशी गुरगुरली की काका त्याला घेऊन आल्यापावली परत गेले. "खोली उघडली की दाखल होतो," म्हणाले. पुढच्या बैठकीला धर्मवाले रजेवर होते. त्याच्या पुढची नव्या पंख्यांवरच आटोपली. तिसरीत, भुंकणं कलेत बसवता येईल का, यावर गंभीर चर्चा झाली. मी हसले. तेव्हा हसता येत होतं.

काका दुकानातच, बसल्या जागी गेले. डोळ्याला भिंग लावलेलं, समोर उघडं घड्याळ. गजर भुंकत होता, पण तो भलत्या वेळी भुंकतोच म्हणून शेजारचं कुणी उठलं नाही.

मी कार्यालयात सांगितलं. "अरेरे," साहेब म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हणजे आता त्या कुत्र्याला मालक नाही! बाई, घ्या, प्रकरण तुमच्याकडे. हेतू स्पष्ट झाला." प्राणीवाल्या बाईंनी तिथल्या तिथे कागद तयार केला. इतकी वर्षं मला साहेबांचा राग यायचा, त्या दिवशी किळस आली.

नियमाप्रमाणे कुत्र्याला हजर करायचं होतं. "नको येऊस," मी मावशीला म्हणाले. "त्या माणसाचं तोंड बघू नकोस."

"घरात चार कुत्री आहेत," मावशी म्हणाली. "आणि त्यांची चार माणसं तिकडे खाटेवर छताकडे बघत पडलीयत. खोली हवी मला."

ती आली. गजर तिच्या पायाशी, दाराकडे तोंड करून बसला. शिक्का हातात घेऊन साहेबांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "या कुत्र्याला मालक आहे का?"

मावशी गुडघे धरत हळूहळू खाली बसली. गजरचे दोन्ही कान तिनं तळहातांनी घट्ट झाकले.

"नाही," ती म्हणाली.