झाकण लावून काढलेले फोटो

लग्न झालं तेव्हा गच्चीवरच्या दुर्बिणीला माणसांची गरज होती, आणि त्यातलं एक माणूस आपण होतो, हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. नवरा लिफ्टच्या कंपनीत दरवाजे आपोआप उघडण्या-मिटण्याची व्यवस्था बघायचा आणि घरी आल्यावर आकाशाचे फोटो काढायचा. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दोघांचंही पोट बघण्यावर आणि मिटण्यावर चालतं, असं सासूबाई पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसत. संध्याकाळी तो दुर्बीण मोकळी करायचा, ती झाकण मांडीवर घेऊन स्टुलावर बसायची, आणि तो म्हणेल तेव्हा उठून लावायची. "आता हलू नकोस हं," तो म्हणायचा, "जमीन हलली की फोटो हलतो." मग ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची.

झाकण लावूनही फोटो काढतात हे तिला तेव्हाच कळलं. कॅमेऱ्याला निव्वळ अंधारातही उगाच काहीतरी दिसत राहतं, त्याने समजावलं होतं. म्हणून पूर्ण रात्र होण्याआधी झाकण लावून अंधाराचेच फोटो घ्यायचे आणि त्यांत जे उमटेल ते ताऱ्यांच्या फोटोतून वजा करायचं.

"म्हणजे जे नाहीच, ते काढून टाकायचं," ती म्हणाली होती.

"हुशार आहेस," तो म्हणाला होता, आणि गार वारं सुटल्यावर दोघांनी एकच शाल पांघरली होती. तिचा संसार, खरं सांगायचं तर, त्या शालीएवढाच होता.

मग त्याने एकेक काम मोटारीवर टाकलं. आधी दुर्बिणीवरचं छप्पर, ढग आले की मिटणारं. मग दुर्बीण आपली आपण तारे शोधू लागली. शेवटी झाकणालाही मोटार बसली, आणि "आता तुला वर यायची कटकट नाही," असं तो एखादी भेटवस्तू हातात ठेवावी तसं म्हणाला. कटकट हा शब्द तिने कधी काढला नव्हता. त्यालाही आता वर जावं लागत नव्हतं. वाचलेला सगळा वेळ त्याने लॅपटॉपला दिला. शाल सासूबाईंनी धुऊन कपाटात ठेवली.

एकदा त्याच्यापुढे चहा ठेवताना तिला लॅपटॉपच्या पडद्यावरच्या काळ्या चौकोनात एक फिकट डाग दिसला.

"हे काय रे?"

"झाकण नीट बसत नसेल. कुठून तरी उजेड शिरतोय."

त्याने झाकणाच्या कडेला रबर लावलं, वरून काळं कापड गुंडाळलं. उजेड यायला जागा उरली नाही, आणि डाग अधिकच रेखीव झाला. ती कोणीतरी बाई होती, पाठमोरी, कशावर तरी बसलेली, डावा खांदा किंचित उतरलेला. तिच्या आईने लहानपणापासून ज्या खांद्यासाठी तिला टोकलं होतं, तोच खांदा.

"कोणीतरी बसलंय तिथे."

"बंद झाकणाच्या आत? कोण बसेल, तूच सांग."

"खांदा बघ तिचा."

त्याने पडद्यावरचा खांदा पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे मान वळवायची राहून गेली. "असू दे ना," तो म्हणाला. "शेवटी वजाच होतं ते."

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. ती स्वयंपाकघरात असताना सासूबाई दिवा मालवून जात, आणि भांड्याचा आवाज झाला की परत येऊन म्हणत, "अगं, तू होतीस होय." दुकानात तिच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक आत मालकाला विचारू लागलं, इथे कोणी आहे का. शेजारीण म्हणाली, "किती शांत सून मिळाली तुम्हाला, घरात आहे की नाही कळत नाही," आणि हे आपलं कौतुक आहे असं समजून ती हसलीही. नवरा सकाळी चहा गाळायचा तो दोन कप, आपला आणि आईचा.

लग्नाचे फोटो त्याने ताऱ्यांच्या फोटोंशेजारीच ठेवले होते. एका रविवारी अंधाराचे फोटो वजा करून बाकीचे सगळे एकदम स्वच्छ करण्याचं काम त्याने लॅपटॉपला सांगितलं आणि लग्नाचे फोटो वेगळे काढायचं विसरला. संध्याकाळी टीव्हीवर ते एकामागून एक सरकू लागले, आणि त्यांतल्या एकावर कपड्यांच्या घड्या घालणारे तिचे हात थांबले. नवरा नव्या कोटात हसत उभा होता, उजवा हात कोणाच्या तरी कमरेभोवती असावा तसा वळलेला. आणि त्या हाताच्या आत मागच्या पडद्याच्या चुण्या सरळ खाली आल्या होत्या.

तिने तो फोटो थांबवला, आणि दुकानात विचारते त्याच आवाजात विचारलं, "यात काय दिसतंय?"

गिऱ्हाइकं करतात तसे त्याने डोळे बारीक केले. "मी."

"आणि?"

"पडदा. इथे मघाशी डाग होता बघ आई, कसा साफ गेला."

"छान दिसतोस रे," सासूबाई म्हणाल्या. "कोणाच्या लग्नातला हा?"

त्याला पटकन आठवेना.

"आता तुझ्यासाठीही कोणी बघायला हवं. एकट्याने किती दिवस काढायचे."

"बघू," तो म्हणाला. "आधी झाकणाचं काम मार्गी लागू दे."

ती दोघांच्या मधोमध उभी होती. बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वर गच्चीत मोटार घुरघुरली. अंधाराच्या फोटोंची वेळ झाली होती. झाकण बसल्याचा टक असा आवाज आला, आणि टीव्ही, कोटातला नवरा, सासूबाईंची पांढरी बट, सगळं एकदम दिसेनासं झालं. ऐकू मात्र येत होतं. मुलगी नोकरी करणारी हवी की नको, यावर मायलेकांचं चाललं होतं. तिने चाचपडलं, हाताला स्टूल लागलं. ती त्यावर बसली, डावा खांदा सवयीने खाली उतरला, आणि मग फोटो हलू नये म्हणून ती अगदी स्वस्थ बसून राहिली.