सतरा जण ही खोली बघत आहेत

नोकरी संपून सहा वर्षं झाली तरी त्यांना सगळे कंडक्टरच म्हणायचे. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची. चिडली की तीही कंडक्टर म्हणायची.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात ठरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, घरी सोडल्यावर आठ दिवस जवळच राहा, रोज व्यायामाला आणा आणि जिना अजिबात नको. हॉस्पिटलच्या गल्लीत तळमजल्यावरची खोली मोबाइलवर एकच सापडली. रुंद दार, बाथरूममध्ये धरायला दांडी. दिवसाला बाराशे.

“घेऊन टाका,” बायको म्हणाली.

“थांब, उतरेल,” कंडक्टर म्हणाले आणि खोली बघून ठेवा म्हणून घरच्यांना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना मोबाइलवर पाठवून दिली. इथेच माशी शिंकली.

दुसऱ्या सकाळी तेराशे साठ, संध्याकाळी चौदाशे. कंडक्टरांचं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली होती. खिडकीपाशी ऐसपैस बसलेल्याला जे भाडं, तेच दारात लोंबकळणाऱ्याला. गर्दी वाढली म्हणून त्यांनी तिकीट वाढवलं असतं तर लोकांनी त्यांना धरून बदडलं असतं. आणि इथे? खोली तीच, खाट तीच, चादरसुद्धा बदललेली नाही, अन् दर आपला चढतोय! खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: सतरा जण ही खोली बघत आहेत.

“कोण मेले हे सतरा?” कंडक्टर दात-ओठ खायचे. मग त्यांनी डेपोत लावायचे तशा पाळ्या लावल्या. सकाळी मुलगी, दुपारी सून, रात्री मुलगा. मेहुणा आणि साडू आपापल्या कुटुंबासह कामाला लागले. दर उतरला की तत्काळ कळवायचं.

“बाबा, पंधराशे.”

“भावोजी, सोळाशे झाले की हो.”

पाचव्या दिवशी सून चाचरत म्हणाली, “बाबा, आपण किती जण बघतोय?”

कंडक्टरांनी मोजलं. घरातले चार, मेहुण्याकडचे पाच, साडूंकडचे चार, शेजारचे काका-काकू, भाचा. सोळा.

“आणि मी,” खाटेवरून बायको म्हणाली. “खोली गेली तर नाही ना, म्हणून बघत होते.”

“बघणारे वाढले की ते दर वाढवत असतील,” सून हळूच म्हणाली. कंडक्टरांनी पुन्हा बोटांवर मोजलं. इतके दिवस ज्यांना शिव्या घातल्या, ते सगळे घरचेच निघाले.

फर्मान सुटलं, कुणी ढुंकूनही बघायचं नाही. दोन दिवस सगळ्यांनी कळ काढली. तिसऱ्या सकाळी कंडक्टरांनी एकट्यानेच मोबाइलवर बघितलं. बाराशे! त्यांना कोण आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी आधी सगळ्यांना कळवलं, “उतरला,” आणि मग कार्ड शोधायला कपाट उघडलं. कार्ड घेऊन येईपर्यंत सोळाही जणांनी खात्री करून घेतली होती. पंधराशे ऐंशी.

“घ्या हो,” बायको म्हणाली. “तीनशे ऐंशीने काय होतंय?”

“आत्ता बाराशे होती. मी काय खुळा आहे? संध्याकाळपर्यंत येते बघ खाली.”

दुपारी खोली गेली. कुणा अठराव्याने एकदा बघितली आणि घेतली.

ऑपरेशन छान झालं. गल्लीत मिळाली ती खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दर नऊशे. पायऱ्या अठ्ठावन्न, त्याही रोज दोनदा.

पहिल्या दिवशी बायको जिन्याखाली उभी राहिली. एक हात कठड्यावर, दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर. कंडक्टर खाली बघत म्हणाले, “चुकलंच माझं.” तिने पाय उचलला, पायरीवर टेकवला आणि कळ जाईपर्यंत डोळे मिटून थांबली.

“बेल मारा, कंडक्टर,” ती म्हणाली. “निघू दे गाडी.”