सहा वाव, खाली खडक

मी एक जुना शिशाचा गोळा आहे. माथ्यावर दोरीची कडी, बुडाशी लहानसा खळगा. मित्रांनो, लिंदोस बंदरातल्या भट्टीत मला ओतले त्याला किती वर्षे झाली, हे आठवण्याचाही आता शीण येतो.

माझे काम बुडण्याचे. म्हातारा खलाशी ओफेलास माझ्या खळग्यात अंगठ्याने चरबी दाबून भरी आणि मला समुद्रात सोडी. दोरी खोली सांगे, पसरलेल्या दोन हातांएवढ्या वावांत. चरबीला चिकटून आलेली वाळू वा गाळ तळ सांगे. तो गाळ जिभेवर ठेवून ओफेलास डोळे मिटी. अकरा वाव आणि काळा गाळ, म्हणजे नाईलचे मुख एका दिवसावर. चरबी कोरी आली, तर खाली खडक.

"समुद्र चाखता बाबा, म्हणून माझी मसूर अळणी लागते तुम्हाला!" स्वयंपाकी सिमोस चिडवी.

"तुझ्या मसुरीपेक्षा गाळ बरा, मेल्या!"

एके सकाळी धुके दाटले. द्राक्षारसाच्या कलशांनी जहाज भरले होते. जहाजाचा प्रमुख, तांडेल मेनेक्रातीस ओरडला, "बाबा, नांगर टाकू की वळू? लवकर बोला!"

पहाटेच चरबी भरली आहे, या भरवशावर ओफेलासने मला न पाहताच फेकले. मी मऊ गाळात रुतलो आणि काहीही न घेता वर आलो. त्याने घाईघाईत बुडावरून नुसते बोट फिरवले.

"सहा वाव. कोरा. खाली खडक!"

खडकावर नांगर धरणार नाही म्हणून जहाज वळले, आणि थोड्याच वेळात खऱ्या खडकावर फुटले.

माणसे होडीतून वाचली, मीही ओफेलासच्या हातात. किनाऱ्यावर ओफेलासने माझा खळगा चाचपला. तो रिकामा होता.

"चपलेचा पट्टा करकरत होता हो, बाबा," सिमोस रडत म्हणाला. "म्हटलं, खळग्यातली थोडी चरबी घेतली तर काय होतंय..."

"गप्प बैस," ओफेलास हळूच म्हणाला. मग तांडेलाकडे वळला. "मी न बघता टाकलं. चूक माझी."

पुन्हा त्याला कोणी जहाजावर घेतले नाही. त्याने मला समुद्रदेवाच्या देवळात टांगले. येथे धूळ बसते आणि दोरी कुजते. मी फार थकलो आहे.

मित्रांनो, कोणी रिकामा परतला, तर त्याच्यावरून तळ ठरवू नका. पाठवताना त्याला काही दिले होते का, ते आधी चाचपून पाहा.

दर वसंतात जहाजे निघतात, तेव्हा ओफेलास काठी टेकत येतो. आता त्याला दिसत नाही. मला कोठेही जायचे नसते. तरीही तो माझा खळगा शोधतो आणि अंगठ्याने ताजी चरबी भरतो, काठोकाठ.