वाट्याला आलेलं इंग्रजी

आमच्या मालवणात फणसाच्या झाडाचीसुद्धा वाटणी होते, त्यामुळे आठवीच्या वर्गाने पाठ करायला इंग्रजी डिक्शनरीचीही केली. ए ते एफ सुगंधाकडे आलं, एस विश्रामकडे गेला. दुसऱ्याच्या अक्षराचा शब्द वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या माडाचे नारळ पाडणं, असं ठरलं.

सुगंधाच्या बापाने, दाजी तांडेलाने, बजावलं होतं, "तपासणीक येतले ते सायब शाबास म्हणाले तर शाळा. नायतर घरात जाळी विणूक बस."

तपासणीच्या दिवशी दाजी स्वतः खिडकीशी येऊन उभा राहिला. साहेबांनी सुगंधाला समुद्र दाखवला आणि इंग्रजीत माहिती सांगायला लावली.

"बिग. ब्लू. डीप," सुगंधा म्हणाली.

साहेबांना आणखी हवं होतं. तिने डोळे मिटून आपला वाटा आठवला. "फादर. बोट. ब्रोकन. डेड."

साहेबांच्या हातातला खडू पडला. त्यांनी सगळ्या वर्गाला दुखवट्यासाठी उभं केलं आणि ते म्हणाले, "शाबास, बाळ."

मास्तर डोळे फाडून खिडकीकडे बघत राहिले.

"कोण मेलो, मास्तर?" दाजीने हळूच विचारलं.

"तुम्ही," मास्तर म्हणाले.

दाजीने खिडकीचे गज घट्ट धरले. "गो सुगंधा, माका कित्याक मारलंस?"

"बाबा, तुमका वाचवूक 'स्विम' व्हयो होतो. तो विश्रामाकडे आसा."

दाजीने एकदा समुद्राकडे बघितलं.

"मगे पुढच्या वर्साक एस तू घे," तो म्हणाला, "आणि आधी माका पाण्यातून भायर काढ."