झाकलेली काळी वाळू

मी एक जुने फावडे आहे. भिवंडीजवळ खारबावला दामूच्या पडवीत मी भिंतीला टेकून उभे असते. मित्रांनो, माझे पाते अजून धड आहे, पण कुणी माझे कौतुक केले की मला लाज वाटते.

लोहाराने मला घडवले आणि दामूने भिवंडीच्या बाजारातून आणले. आधी मी भातखाचरांचे बांध घातले. शेतांवर गोदामे उठू लागली, तेव्हा पूर्णा गावाकडे पायाची माती उपसली. दामू आणि त्याची बायको जाईबाई मजुरीला जात, तिथे मीही जाई.

एका वर्षी दूर समुद्रात जहाजातून तेल सांडले. काळे, चिकट तेल लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पसरले. हरेश मुकादम आम्हाला टेम्पोने तिकडे घेऊन गेला. आम्ही तेलकट वाळू पोत्यांत भरू लागलो. मग सरकारी साहेब पाहणीला येणार असे कळले.

"आता भरत बसू नका. वरून कोरी वाळू पसरा," हरेश म्हणाला.

"पण खाली तेल हाय," दामू म्हणाला.

"दिसतंय का? न्हाय ना? मग टाक."

दामूने टाकली, माझ्याच पात्याने. किनारा लख्ख दिसू लागला. साहेबांनी शाबासकी दिली. मला हातात धरून दामूने फोटोही काढून घेतला.

तिथे आनंदीबाई राहायची. वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, खणून ती विकायची. तिने विचारले, "दादा, झालं का साफ? काढू का तिसऱ्या?"

दामूने खाली बघत होकारार्थी मान हलवली.

पुढच्या पावसाळ्यात लाटांनी वरची वाळू ओढून नेली. खालचे तेल काल सांडल्यासारखे ओले होते, कारण त्याला ऊनवारा लागलाच नव्हता. हरेशने आम्हाला पुन्हा नेले. कुठे खेकड्याचे बीळ दिसत नव्हते. आनंदीबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती.

"तिसऱ्यांना रॉकेलचा वास यायचा. गिऱ्हाईकांनी परत आणून दिल्या," ती म्हणाली. "तू तर हो म्हणाला होतास ना, दादा?"

माझा दांडा दामूच्या घामाने ओला झाला. मला तर त्या वाळूतच गडप व्हावेसे वाटले.

हरेश पुन्हा म्हणाला, "वाळू पसरा."

"न्हाय पसरणार," दामू म्हणाला. "खालचं उचलू."

"मग उद्यापासून येऊ नको."

हरेशने कामावरून काढले, तरी दुसरीकडच्या मजुरीला सुट्टी असली की दामू आणि जाईबाई मला घेऊन किनाऱ्यावर जात राहिले. आनंदीबाई पोत्याचे तोंड धरायची. तीच पोती मग सरकारी गाडीत चढत. काही वर्षे गेली. तेल कमी झाले, पण संपले नाही. अजूनही पावसाळ्यात काळे गोळे वर येतात.

गेल्या हिवाळ्यात आनंदीबाईला नखाएवढ्या चार तिसऱ्या सापडल्या. तिने त्या हुंगल्या आणि पुन्हा वाळूत सोडल्या.

"वाढू दे त्यांना," ती म्हणाली.

मित्रांनो, समुद्रात घाण जाऊ देऊ नका. गेलीच, तर ती उचलायला मला हाक मारा, झाकायला नको.