निळ्या पृथ्वीची काळी पाठ

मी फोटो आहे. साधासुधा नव्हे हं! अंतराळवीराने वरून टिपलेल्या पृथ्वीचा फोटो. निळाशार समुद्र, पांढरे ढग. सिल्वासाच्या एका दुकानात मला भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापलं, तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो.

पर्यावरण दिनाला जवळच्याच नरोली गावातल्या एका कारखान्याच्या फाटकावर माझा काय थाट होता! साहेबांनी माझ्यासमोर रोप लावलं, हसून फोटो काढून घेतले. पुढे रोप वाळलं आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला नवनाथने उचललं. तो नंदुरबारकडचा, त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला. बायको कावेरीबरोबर मागच्याच चाळीत भाड्याने राहतो. खोलीला एकच खिडकी, तीही नेमकी धुराड्यासमोर. त्या खिडकीवर त्याने मला ठोकलं. फोटो आत, कोरी पाठ बाहेर.

"बघ, घरबसल्या अख्खी दुनिया!" तो म्हणाला.

"मग आपलं गाव कुठंय त्यात?" कावेरी हसली.

त्याने एका ढगाखाली बोट ठेवलं. मलाही गाव ठाऊक नव्हतं.

हळूहळू नवनाथ खोकू लागला. आधी सकाळी, मग जेवतानाही. कावेरीने गावी चला म्हटलं की चिडायचा. "गावी काय खायचं? आणि धूर आता आत येतोच कुठं? पडदा लावलाय ना!"

पडदा म्हणजे मी! धूर माझ्या कडेने खुशाल आत शिरत होता.

गेल्या रविवारी त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. तरी तो चूळ भरून ड्यूटीला निघाला. कावेरीने माझे खिळे उपटले आणि मला उलटा करून त्याच्यापुढे धरलं. माझी पांढरी पाठ तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. तिने त्यावर बोट फिरवलं आणि ते त्याला दाखवलं.

"हे नुसतं खिडकीवरचं. तुमी तर भट्टीपाशी उभे राहता. छातीत काय असंल, सांगा ना!"

नवनाथने तोंड फिरवलं. "पुसून टाक ते."

"नाही पुसणार. आधी दवाखान्यात चला."

तेवढ्यात भोंगा झाला. तो निघून गेला.

तिने मला पुन्हा टांगलं, पण पाठ आत करून. तेव्हापासून नवनाथ भिंतीकडे तोंड करून जेवतो. माझा निळा चेहरा आता धुराड्यासमोर आहे. तोही काळा पडेल, पडू दे. पण नवनाथ, एकदा इकडे बघ रे बाबा, आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.